मुरुमे पावसाळ्यात का वाढतात? वाचकांचे प्रश्न, त्वचारोगतज्ज्ञांची उत्तरे

जून महिना सरत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत तेलकट त्वचा आणि मुरुमे यांविषयीची पत्रे सर्वाधिक असतात. त्यांतील बरीचशी मुंबई, कोकण, गोवा आणि घाटमाथ्यालगतच्या भागांतून येतात. ज्या प्रश्नांची उत्तरे इतर अनेकांनाही उपयोगी पडतील, असे प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी डोंबिवलीला राहते आणि नोकरीसाठी रोज लोकलने फोर्टला जाते. वय २६. मे महिन्यात घामाच्या धारा लागतात, तरी चेहरा बरा असतो. जुलै उजाडला की मात्र कपाळ, नाक आणि हनुवटी तेलाने चकाकू लागतात आणि गालांवर मुरुमे येतात. मी दिवसातून पाच-सहा वेळा साबणाने चेहरा धुते, मॉइश्चरायझर लावणे पूर्ण बंद केले आहे, तरीही फरक पडत नाही. माझे काय चुकते आहे?

उत्तर : तुम्ही सगळे लक्ष चेहऱ्यावर दिसणाऱ्या तेलाकडे दिले आहे. मुरूम मात्र त्या तेलात तयार होत नाही. ते त्वचेच्या छिद्राच्या आत तयार होते. आपल्या त्वचेवरील प्रत्येक बारीक केसाच्या मुळाशी तैलग्रंथी जोडलेली असते आणि तिच्यातून स्रवणारा स्निग्ध पदार्थ केसाच्या नलिकेतून वर येऊन छिद्रावाटे बाहेर पडतो. या नलिकेच्या आतल्या अस्तराच्या मृत पेशी एरवी सुट्या होऊन तेलाबरोबर वाहून जातात. ज्यांना मुरुमांची प्रवृत्ती असते, त्यांच्या त्वचेत या पेशी एकमेकींना चिकटून राहतात आणि नलिकेच्या तोंडाशी त्यांचे बूच बसते. मागे साचलेल्या तेलावर तेथे मुळातच वस्तीला असलेले जिवाणू वाढतात आणि शरीर त्यांना प्रतिकार करू लागले की लाली, सूज व पू दिसू लागतो. ही सगळी प्रक्रिया काही आठवडे चाललेली असते. त्यामुळे आज सकाळी आरशात दिसलेल्या मुरुमाचा दोष कालच्या लोकलच्या गर्दीला किंवा परवा भिजल्याला देता येत नाही.

पावसाळ्याचा यात काय वाटा आहे? जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई परिसरातील हवेची सापेक्ष आर्द्रता बहुतेक वेळा ८० टक्क्यांच्या वर असते. अशा हवेत घाम वाळत नाही, तो त्वचेवर साचून राहतो. ओलसर त्वचेवर तेल सहज पसरत असल्याने ग्रंथींतून स्रवणारे तेल तेवढेच असले तरी चेहरा अधिक तेलकट वाटतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, त्वचेचा सर्वांत वरचा, मृत पेशींचा थर पाणी शोषून फुगतो आणि त्यामुळे आधीच अरुंद असलेली छिद्रांची तोंडे आणखी आवळली जातात. उष्ण व दमट प्रदेशांत गेलेल्या सैनिकांची मुरुमे अचानक बळावतात, हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच लष्करी डॉक्टरांच्या लक्षात आले होते.

आता साबणाविषयी. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, त्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितकी आम्लता अधिक) साधारणपणे ४.५ ते ५.५ असतो. अंगाच्या नेहमीच्या साबणाचा सामू ९ ते १० च्या घरात जातो. असा साबण दिवसातून पाच-सहा वेळा लावल्यावर त्वचेचे वरचे संरक्षक आवरण विस्कटते, ती ओढल्यासारखी वाटते, चुरचुरते आणि त्या दाहामुळे मुरुमे अधिक लाल व ठणकणारी होतात. छिद्राच्या आतले बूच मात्र जागचे हलत नाही, कारण साबण तेथवर पोहोचतच नाही. म्हणून सौम्य, साबणविरहित फेसवॉशने सकाळी एकदा आणि घरी परतल्यावर एकदा चेहरा धुणे पुरेसे आहे. फार घाम आला असेल तर मध्ये एकदा नुसत्या पाण्याने धुवावा. कार्यालयात चकाकी नकोशी वाटली तर तेल टिपणारा कागद किंवा स्वच्छ सुती रुमाल हलकेच दाबून टिपावा, घासू नये. मॉइश्चरायझर पुन्हा सुरू करा. दाट मलईसारखे नको. ग्लिसरीन किंवा हायलुरॉनिक अ‍ॅसिड असलेले, पाण्यासारखे हलके जेल घ्या आणि ते थोडेच लावा.

छिद्राच्या आत काम करणाऱ्या औषधांपैकी एकच निवडून सुरुवात करावी. मुरुमे थोडी असतील आणि ब्लॅकहेड्स अधिक असतील, तर २ टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिड उपयोगी पडते, कारण ते तेलात विरघळते आणि त्यामुळे नलिकेत उतरू शकते. लाल, पू भरलेली मुरुमे असतील तर २.५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड घ्यावे. याच औषधाची ५ किंवा १० टक्क्यांची जेल बाजारात मिळतात, परंतु २.५ टक्क्यांचे जेल जवळपास तितकेच परिणामकारक ठरते आणि आग कमी करते. शिवाय अँटिबायोटिक मलमांना जिवाणू जसे सरावतात, तसे ते या औषधाला सरावत नाहीत. उशीचे अभ्रे आणि टॉवेल यांच्यावरचा रंग मात्र या जेलमुळे उडतो, तेव्हा पांढरेच वापरा. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड लावा. वाटाण्याएवढे जेल बोटावर घेऊन कपाळ, दोन्ही गाल, नाक आणि हनुवटी यांवर एकेक ठिपका द्यावा आणि मग तो सगळीकडे पातळ पसरावा. नुसत्या आलेल्या मुरुमावर औषधाचा थर देऊन उपयोग होत नाही, कारण पुढच्या महिन्यात येणारे मुरूम शेजारच्या स्वच्छ दिसणाऱ्या छिद्रात आत्ता तयार होत असते. परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. दर पंधरा दिवसांनी नवी बाटली आणणाऱ्यांना कोणत्याच औषधाचा गुण येत नाही, ही खरोखर दुःखाची गोष्ट आहे, कारण त्यांच्यापैकी अनेकांनी योग्य औषध अर्ध्यावर सोडलेले असते.

प्रश्न : मी पुण्यात इंजिनीअरिंगला आहे आणि रोज स्कूटीवरून जाते. स्कार्फ आणि त्यावर हेल्मेट असते. पावसाळ्यात जबड्याच्या कडेला आणि हनुवटीखाली मुरुमांची रांगच लागते. स्कार्फ सोडून द्यावा का?

उत्तर : सोडण्याची गरज नाही. धूळ आणि धूर यांपासून तो तुमचे रक्षण करतो. अडचण आहे ती ओल्या कापडाच्या घर्षणाची. हेल्मेटचा पट्टा आणि स्कार्फची घट्ट गाठ जेथे दाबते व घासते, तेथेच छिद्रांची तोंडे सुजतात आणि बंद होतात. तुमची मुरुमे रांगेने येतात, हीच त्याची खूण आहे. पावसात भिजलेला स्कार्फ खुर्चीच्या पाठीवर टाकून दुसऱ्या दिवशी तोच दमट, कुबट वासाचा स्कार्फ पुन्हा तोंडाला गुंडाळला जातो, हे पुण्यातल्या कोणत्याही वसतिगृहात पाहायला मिळते. पातळ सुती कापडाचे चार-पाच स्कार्फ ठेवा, रोज धुतलेला वापरा आणि पावसाळी हवेत तो पुरता वाळला नसेल तर त्यावर गरम इस्त्री फिरवा. उशीच्या अभ्र्यांनाही हेच लागू आहे. हेल्मेटच्या आतले अस्तर निघत असेल तर आठवड्यातून एकदा सौम्य साबणाने धुऊन पंख्याखाली वाळवा आणि हनुवटीचा पट्टा ओल्या कपड्याने पुसत जा. कॉलेजात पोहोचल्यावर चेहऱ्यावरचे पाणी टिपून घ्या. पावसाच्या पाण्याने मुरुमे येत नाहीत, त्यामुळे भिजल्याबरोबर चेहरा खसाखसा धुण्याची घाई नको.

प्रश्न : आम्ही चिपळूणचे. माझा मुलगा १७ वर्षांचा आहे. त्याच्या कपाळावर केसांच्या कडेने आणि पाठीवर अगदी बारीक, एकसारखे पुरळ उठले आहे व त्याला फार खाज येते. मुरुमांसाठी म्हणून दिलेल्या अँटिबायोटिक गोळ्या त्याने महिनाभर घेतल्या, पण पुरळ वाढलेच. मी त्याच्या डोक्याला रोज रात्री खोबरेल तेल लावून देते आणि रविवारी डाळीचे पीठ, हळद व लिंबू लावून त्याचे तोंड धुवायला लावते. आणखी काय करू?

उत्तर : तुमच्या वर्णनातील तीन गोष्टी मला फार महत्त्वाच्या वाटतात. पुरळ एकसारख्या आकाराचे आहे, त्याला खाज येते आणि अँटिबायोटिक गोळ्यांनी ते कमी होण्याऐवजी वाढले. नेहमीची मुरुमे लहान-मोठी असतात. त्यांत काळी तोंडे, पांढरे दाणे आणि लाल फोड एकत्र दिसतात, ती दुखतात, पण त्यांना सहसा खाज येत नाही. तुमच्या मुलाला बहुधा मुरुमे नसून केसांच्या मुळांशी होणारा बुरशीचा संसर्ग आहे. मॅलॅसेझिया नावाची ही बुरशी सर्वांच्याच त्वचेवर असते, कोंड्याशीही तिचा संबंध आहे आणि तेल हेच तिचे अन्न आहे. दमट हवा, घामाने ओले राहिलेले कपडे आणि डोक्यावरून कपाळावर ओघळणारे तेल अशी तिला हवी तशी परिस्थिती कोकणातल्या पावसाळ्यात आयतीच मिळते. अँटिबायोटिकमुळे तिच्याशी स्पर्धा करणारे जिवाणू मरतात आणि तिला मोकळे रान मिळते.

म्हणून रात्रीचे तेल काही महिने बंद ठेवा. आईच्या हातचे तेल बंद करायचे, हे सांगताना मलाही बरे वाटत नाही, परंतु केसांना तेल हवेच असेल तर ते न्हाण्यापूर्वी तासभर लावून पूर्ण धुऊन टाकावे आणि कपाळाला लागू देऊ नये. केटोकोनाझोल असलेला २ टक्क्यांचा शाम्पू कपाळ व पाठीवर लावून काही मिनिटे ठेवून धुण्याचा उपाय अशा पुरळावर करतात; तो किती दिवस करायचा आणि पोटातून बुरशीविरोधी औषध द्यायचे का, हे त्वचारोगतज्ज्ञांनी पुरळ प्रत्यक्ष पाहूनच ठरवावे. खेळून आल्यावर लगेच अंघोळ करायला आणि बनियन बदलायला त्याला सांगा.

लिंबू चेहऱ्याला लावणे मात्र आजच थांबवा. लिंबाच्या रसाचा सामू २ च्या आसपास असतो. तो त्वचेला भाजतो आणि असा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले तर काळे चट्टे उठतात, जे महिनोन्‌महिने जात नाहीत. डाळीच्या पिठाने तेल निघते, पण त्याचे कण चोळल्याने सुजलेले पुरळ सोलवटते. उटणे दिवाळीच्या अभ्यंगासाठी ठेवावे, आजारी त्वचेवर ते चोळू नये. मुरुमावर टूथपेस्ट लावणे, खाण्याचा सोडा लावणे आणि वाफ घेणे यांबद्दलही बरीच पत्रे येतात. या तिन्हींपैकी एकाचाही मुरुमांवर उपयोग नाही आणि तिन्हींनी त्वचा भाजल्याचे रुग्ण आम्ही पाहतो.

प्रश्न : मी कोल्हापूरची गृहिणी, वय ३४. गेल्या पावसाळ्यात गालांवर मुरुमे आली, म्हणून मेडिकलच्या दुकानातून एक मलम आणले. आठवड्यात चेहरा इतका नितळ व उजळ झाला की मी ते लावतच राहिले. आता एक दिवस मलम चुकले तरी चेहरा लालभडक होतो, आग होते आणि पूर्वीपेक्षा अधिक मुरुमे उठतात. उन्हात किंवा स्वयंपाकघरात उभे राहवत नाही. मैत्रिणी म्हणतात, मलम बदल. कोणते घेऊ?

उत्तर : कोणतेही दुसरे मलम घेऊ नका, आणि कृपया या महिन्यातच त्वचारोगतज्ज्ञांना भेटा. तुम्ही जे लिहिले आहे त्यावरून त्या मलमात स्टेरॉइड असावे, अशी माझी जवळजवळ खात्री आहे.

दवाखान्यात आलेल्या रुग्णाला मी आधी एवढेच सांगते, की घरी जे जे लावता ते सगळे घेऊन या. पर्समधून ट्यूब निघतात. एक मुरुमांची, एक गोरेपणाची, आणि एक घरात कोणाच्या तरी गजकर्णासाठी आणलेली, जी शेपटापासून गुंडाळत शेवटच्या थेंबापर्यंत वापरलेली असते. तिन्हींच्या मागची बारीक अक्षरे वाचली तर बहुतेक वेळा एकाच जातीचे औषध सापडते. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन आणि फ्लुओसिनोलोन ही त्यांतली नेहमीची नावे. ही स्टेरॉइड आहेत. इसब, सोरायसिस यांसारख्या विकारांत योग्य जागी, योग्य मुदतीसाठी ती वापरली तर ती अतिशय मोलाची औषधे आहेत. मीही ती लिहून देते. चेहऱ्याची त्वचा मात्र पातळ असते आणि ती हे औषध झपाट्याने शोषून घेते. पहिल्या काही दिवसांत सूज व लाली दबते, रंग उजळतो, आणि नेमके तेच पाहून माणूस फसतो. पुढे त्वचा आणखी पातळ होते, खालच्या लाल रक्तवाहिन्या जाळ्यासारख्या दिसू लागतात, गालांवर व हनुवटीवर लव वाढते, स्टेरॉइडमुळेच नव्या मुरुमांचे पीक येते आणि औषध थांबवताच सगळा दाह उसळून वर येतो. त्या उसळीला घाबरून माणूस पुन्हा तेच मलम लावतो. तुम्ही सध्या याच चक्रात सापडला आहात.

पावसाळ्यात हा प्रकार वाढतो, त्याचे कारण सरळ आहे. जांघेतला, काखेतला नायटा याच दिवसांत बळावतो, त्यासाठी बुरशीविरोधी औषध, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड यांची एकत्र भेसळ असलेली ट्यूब घरात येते आणि तीच मग चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांनाही लावली जाते. २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावण्याची अनेक स्टेरॉइड अनुसूची ‘एच’ मध्ये आणली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येऊ नयेत असा नियम केला. नियम झाला, पण ‘मुरुमांची ट्यूब द्या’ म्हटल्यावर दुकानातून अशी ट्यूब मिळणे अजूनही बंद झालेले नाही, आणि ती नातेवाइकांच्या सल्ल्याने घरोघरी फिरते आहे. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध देशभर मोहीम चालवली आहे, तरी आपल्याकडे उपवर मुलींना गोरे करण्याच्या घाईत हेच मलम आजही लावले जाते, याची मला फार चीड येते.

तुमच्या बाबतीत डॉक्टर स्टेरॉइड एकदम थांबवायचे की टप्प्याटप्प्याने उतरवायचे, हे ठरवतील. त्यानंतरचे काही आठवडे कठीण जातील. चेहरा लाल होईल, आग होईल, मुरुमेही वाढतील. त्या दिवसांत फक्त सौम्य फेसवॉश, सुगंधविरहित मॉइश्चरायझर, गार पाण्याच्या घड्या आणि डॉक्टरांनी दिलेली औषधे एवढेच वापरा. मुरुमांची तीव्र औषधे, फेशियल, ब्लीच आणि मसाज हे सर्व दूर ठेवा. त्वचा पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागू शकतात, पण बहुतेकींची होते, आणि उपचारांचा कंटाळा आला असताना मनात हे पक्के असू द्यावे.

प्रश्न : ठाण्याहून लिहितो, वय २१. पावसाळा म्हणजे भजी आणि वडापाव. आई म्हणते, त्याच्याच तेलाने मुरुमे येतात आणि भरपूर पाणी प्यायले की जातील. मी जिमला जातो व प्रोटीन पावडर घेतो. श्रावणातले सोमवार करतो. खाण्याचा खरेच संबंध आहे का?

उत्तर : भज्यांतले तेल पोटातून चेहऱ्यावर येत नाही, त्वचेतले तेल तैलग्रंथी स्वतः तयार करतात आणि त्यांना मुख्यतः हार्मोन चालना देतात. पाणी तहान लागेल तेवढे प्यावे, पण त्याने मुरुमे जात नाहीत. तरीही आहाराचा संबंधच नाही, असे आम्ही पूर्वी सांगत असू, ते आता कोणी सांगत नाही. रक्तातील साखर झपाट्याने वाढवणारे पदार्थ सतत खाल्ले तर इन्सुलिन व त्याच्यासारखी वाढीची संप्रेरके वाढतात आणि तैलग्रंथी अधिक काम करू लागतात. ऑस्ट्रेलियातील तरुणांवर केलेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, साखर हळूहळू वाढवणारा आहार बारा आठवडे घेणाऱ्यांची मुरुमे इतरांपेक्षा अधिक कमी झाली होती.

या हिशेबाने पाहिले तर एखाद्या संध्याकाळच्या भज्यांपेक्षा श्रावणी सोमवारची साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि दोन-तीन कप गोड चहा यांचा विचार तुम्ही अधिक करायला हवा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. उपवास अवश्य करा. त्या दिवशी राजगिरा, वरी, दाण्याची आमटी, काकडी आणि फळे यांच्यावर भर द्या. प्रोटीन पावडर दुधातील व्हे प्रथिनांची असेल तर ती दोन-तीन महिने थांबवून पाहा, कारण ती सुरू केल्यावर छाती व पाठीवर मुरुमे उठलेले अनेक तरुण आमच्याकडे येतात. उसळी, डाळी, अंडी यांतून तुमची गरज भागू शकते. जिममध्ये कोणी शरीर वाढवण्याचे इंजेक्शन किंवा गोळ्या दिल्या असतील, तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. त्यांनी येणारी मुरुमे फार उग्र असतात आणि खोल व्रण ठेवून जातात.

प्रश्न : मडगावहून. मुरुमे आता आटोक्यात आहेत, पण प्रत्येक मुरुमाच्या जागी काळा डाग राहतो. सनस्क्रीन लावले की चेहऱ्यावर चिकट थर बसतो, म्हणून पावसाळ्यात लावत नाही. ढगाळ दिवसांत ते लागतेच का?

उत्तर : मुसळधार पाऊस कोसळत असताना दिवसभर घरातच असाल तर नाही लावले तरी चालेल. पण गोव्याचा पावसाळा असा सलग नसतो. सर ओसरते, ऊन पडते, पुन्हा अंधारून येते. पातळ ढगांतून अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत किरण खाली पोहोचतात, आणि त्यांतील त्वचा काळवंडवणारे लांब लहरींचे किरण खिडकीच्या काचेतूनही आत येतात. आपल्या गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत दाह झाला की रंगद्रव्य अधिक तयार होते आणि तोच डाग म्हणून मागे राहतो. त्याच्यावर रोज थोडा थोडा प्रकाश पडत राहिला तर तो गडद होत जातो. म्हणून डाग घालवण्याच्या कोणत्याही मलमापेक्षा सनस्क्रीन आधी येते.

चिकटपणा उत्पादनाच्या जातीवर अवलंबून असतो. क्रीमऐवजी जेल किंवा पाण्यासारखे द्रव निवडा, एसपीएफ (त्वचा भाजवणाऱ्या किरणांपासूनच्या संरक्षणाचा आकडा) ३० किंवा अधिक आणि ‘पीए’च्या (लांब लहरींच्या किरणांपासूनच्या संरक्षणाची खूण) पुढे किमान तीन अधिकचिन्हे पाहून घ्या. फिकट मातकट रंगाची, लोहाची संयुगे असलेली सनस्क्रीन दृश्य प्रकाशालाही अडवतात आणि डाग असलेल्यांना ती अधिक उपयोगी पडतात. ते लावल्यावर मॉइश्चरायझर वेगळे लावण्याची गरज तुमच्यासारख्या तेलकट त्वचेला या हवेत बहुधा पडणार नाही, आणि एक थर कमी झाला की चिकटपणाही कमी होतो. डागांसाठी ४ ते ५ टक्के नायसिनामाइड (ब-३ जीवनसत्त्वाचे त्वचेवर लावायचे रूप) सुरू करता येईल. त्याने तेलाचे प्रमाणही थोडे घटते. डाग सपाट असतील तर ते काही महिन्यांत फिकट होत जातात. बोट फिरवल्यावर खड्डा लागत असेल तर तो डाग नव्हे, व्रण आहे, आणि त्याला क्रीम लावून फायदा नाही. त्यासाठी दवाखान्यातले उपचार वेगळे असतात व ते मुरुमे पूर्ण थांबल्यावरच करतात. मुरूम नखाने फोडण्याची सवय असेल तर ती सोडा. त्याने खड्डे पडण्याचा धोका वाढतो.

प्रश्न : नाशिकहून, वय ३१. मुरुमे जबडा आणि मान यांवर येतात, खोल व दुखरी असतात, पाळीच्या आधी वाढतात. पाळी दोन-दोन महिने लांबते. एका डॉक्टरांनी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुचवल्या आहेत, पण लग्नाला चार वर्षे झाली आहेत आणि आम्हाला आता मूल हवे आहे. काय करावे?

उत्तर : आयसोट्रेटिनॉइन उत्तम औषध आहे आणि उग्र मुरुमांनी व्रण पडू लागलेल्या असंख्य तरुणांचे चेहरे त्याने वाचवले आहेत. तुमच्यासाठी मात्र ही त्याची वेळ नाही. गर्भावस्थेत हे औषध पोटात गेले तर बाळात गंभीर जन्मजात व्यंगे निर्माण होण्याचा धोका फार मोठा असतो. म्हणून ते सुरू करण्यापूर्वी एक महिना, चालू असताना आणि बंद केल्यावर एक महिना गर्भ राहू न देणे बंधनकारक आहे. त्या काळात रक्तदानही करत नाहीत. तुमची इच्छा डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा. गोळ्या सुचवताना हा प्रश्न विचारला गेला नसेल, तर तुम्ही आपणहून सांगायलाच हवे.

तुमच्या पत्रात मुरुमांपेक्षा मला पाळीची चिंता अधिक वाटते. जबड्याच्या रेषेवरची खोल मुरुमे, लांबणारी पाळी, आणि त्यांच्या जोडीला हनुवटीवर राठ केस किंवा डोक्यावरचे केस विरळ होणे असेल, तर पीसीओएसची (संप्रेरकांचे संतुलन बिघडून पाळी अनियमित होणारा, अंडाशयांशी संबंधित विकार) शक्यता तपासावी लागते. स्त्रीरोगतज्ज्ञांकडून पुरुष संप्रेरके, थायरॉइड व साखर यांच्या रक्तचाचण्या आणि आवश्यक वाटल्यास सोनोग्राफी करून घ्या. मूल होण्यात अडचण येत असेल तर तिचे कारणही यातूनच कळू शकते, त्यामुळे ही तपासणी पावसाळा संपण्याची वाट पाहत लांबवू नका.

दरम्यान चेहऱ्यासाठी अ‍ॅझेलाइक अ‍ॅसिडचे १० ते २० टक्क्यांचे जेल किंवा क्रीम वापरता येते. मूल हवे असताना आणि गर्भावस्थेतही ते सुरक्षित मानले जाते, मुरुमांवर आणि डागांवर दोन्हींवर काम करते आणि दमट हवेत त्वचेला सोसवते. सुरुवातीला थोडी खाज किंवा चुरचुर होते, ती बहुधा दोन आठवड्यांत थांबते. अ‍ॅडापॅलिन आणि ट्रेटिनॉइन ही रात्री लावायची औषधे सध्या टाळा. पोटातून घ्यायच्या अँटिबायोटिकपैकी डॉक्सिसायक्लिन आणि हार्मोनवर काम करणारे स्पायरोनोलॅक्टोन या दिवसांत चालणार नाही. घरात आधीच्या चिठ्ठीतली औषधे शिल्लक असतील, तर ती सगळी पिशवीत घालून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा आणि कोणती ठेवायची, कोणती टाकायची, हे त्यांच्यासमोरच ठरवा.